चौथीचं माप

हलू नका हो डॉक्टर, टाचणी टोचेल — आणि टोचली तर मला बोल लावू नका. तुम्ही माझी दाढ काढलीत तेव्हा मी हललो होतो का? गंमत बघा, तिथे मी तोंड वासून गप्प, इथे तुम्ही हात पसरून गप्प, आणि बोलणार कोण, तर ज्याच्या हातात हत्यार आहे तो. तर काय सांगत होतो — हां, टीव्ही. नको, बंद नको, असू दे चालू. एरवी कामाच्या वेळी मी लावत नाही, विचारा कुणालाही, पण हे काही मी गाणं ऐकायला लावलेलं नाही, हा कामाचाच भाग समजा. तो बघा, मधोमध उभा आहे, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून — तोच तो. अख्खं जग वेडं झालंय त्याच्यापायी. मी त्याला मखमली म्हणतो. पेपरवाले म्हणतात आवाज मखमली, मी म्हणतो जॅकेट तेवढं मखमली, आणि तेही वाईट शिवलेलं. नीट बघा, एक बाही गडद दिसते, एक फिकट — दिसली? मखमलीला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी, इकडून हात फिरवला की मऊ, तिकडून फिरवला की खरखरीत. ज्यानं हे बेतलं त्यानं एक बाही सुलट कापली, एक उलट. हजारो माणसं टाळ्या पिटतायत आणि एकाच्याही लक्षात येत नाही. माझ्या पहिल्याच वेळी आलं. आज चौदाव्यांदा बघतोय.

चौदाव्यांदा म्हणजे — काही मोजत नाही बसलो मी. दुपारी मशीन जरा तापतं, थांबवावं लागतं, तेवढ्यात लावतो. हात जरा वर घ्या. अजून. बस. आता त्याच्या मागे बघा, त्या चौघी, निळ्या झग्यातल्या. कोरसवाल्या. अगदी कडेची, चौथी — ओळखलंत? बरोबर, आमची ही! तुमच्याकडे आली होती ना माझ्या दाढेच्या वेळी, मी खुर्चीत ओरडू नये म्हणून हात धरून बसली होती. दौऱ्यावर आहे तीन महिने. आहे म्हणजे, होती, आज येतेय, चारला. किती वाजले? सव्वातीन. वेळ आहे. आणि हे चित्रीकरण आहे ना, हे पहिल्याच कार्यक्रमाचं आहे, ती घरून निघाली त्याच्या चौथ्या दिवशीचं, आत्ता पंधरा दिवसांपूर्वी टीव्हीवर आलं. सगळी गल्ली मला सांगून गेली, वहिनी दिसल्या, वहिनी दिसल्या. मी म्हटलं, मला काय सांगता, मला रोज दिसते.

ते चारही झगे मीच शिवलेत. हो तर! या हातांनी. कापड त्यांचं, शिलाई माझी. त्या तिघी इथेच आल्या होत्या, आत्ता तुम्ही उभे आहात त्याच पाटावर उभ्या राहिल्या, दोन-दोन वेळा मापं घेतली मी त्यांची — खांदा, छाती, कंबर, मुंढा, उंची — एकीचा डावा खांदा उतरता होता, तिला आत पट्टी घातली, जगाला कळणार नाही. चौथीचं काय घ्यायचं, घरचंच माप, वहीत लिहिलेलंच आहे. आता त्या तिघींकडे बघा. एक सुरकुती दाखवा. दाखवा ना! नाही सापडायची. गिऱ्हाइकानं बोट ठेवावं असं काम या घरातून बाहेर जात नाही. म्हणून तर तुम्ही लग्नाचा कोट माझ्याकडे टाकलात. चाळिशीत का होईना, पण कोट कसा नवरदेवाला शोभला पाहिजे.

जळतो? मी? त्याच्यावर? काहीतरीच काय डॉक्टर. मी कशाला जळू? माझं-त्याचं भांडणच नाही. तो गातो, मी शिवतो. आता हे बघा — थांबा, आता येईल, सत्तेचाळीसाव्या मिनिटाला येतं — हं, हे. बघा, वळला. सगळं सोडून मागे वळला, चालत चालत थेट तिच्यापर्यंत गेला, आणि माइक — स्वतःच्या हातातला माइक तिच्या तोंडापुढे धरला. आणि ही एकटी गातेय. एकच ओळ. त्या तिघी गप्प, वाद्यं गप्प, एवढं मोठं मैदान गप्प. मी म्हणतो, का? कडेच्या बाईपाशीच का? अलीकडची काय जवळ नव्हती? आणि आता बघा, ओळ संपली, हसली. तुम्ही दातांचे डॉक्टर आहात, तुम्हीच सांगा, पाठीमागच्या दाढा दिसतात की नाही? दिसतात. एवढं तोंड उघडून हसणारी बाई माझ्या घरात राहत नाही. माझ्या घरी राहते ती तोंडावर हात धरून हसते, तेही वर्षातून दोनदा. मग ही कोण? ही त्यानं कुठून आणली?

आता गाते ती, माहीत आहे हो मला. लग्नाच्या आधीपासून गाते. काज-बटणाचं काम करताना गुणगुणायची, तिथे, खिडकीशी बसून. मीच म्हणायचो, बाई, जरा गप्प बस, मशीनचा आवाज ऐकू येत नाही मला. खरंच हो, मशीनचा आवाज ऐकावा लागतो, सुई कुठे अडतेय ते आवाजावरूनच कळतं. मग ती हळू गुणगुणायची. मग — मग काय, मग तिकडे जायला लागली, संध्याकाळी, तालमीला. मी काही अडवलं नाही. मी कधीच अडवलं नाही. दुसरा कुणी असता तर.

तो डावा हात जरा खाली. छान. थांबा, हे आता इथेच थांबवतो. मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. आता तिच्या कमरेकडे बघा — म्हणजे मी सांगतोय म्हणून बघा, कापडाकडे बघा, कापडाकडे. काय दिसतं? काही नाही? तुम्हाला कसं दिसणार. छातीच्या खाली, दोन्हीकडे, दोन रेघा उतरल्यात, बोटभर लांब — त्यांना टक्स म्हणतात, कापड सैल पडलं की आतून चिमटा घेऊन शिवून टाकायचं, म्हणजे अंगाला बसतं. त्या तिघींना आहेत? नाहीत. कारण त्या बेतात टक्स नाहीतच! मी घातलेले नाहीत. माझ्या हातचा झगा, माझी शिवण, माझा धागा — आणि त्यात मधेच हे दोन परके चिमटे. आणि घातलेत तेही कसे! उजवीकडचा बोटभर खाली, डावीकडचा वर, एक सरळ, एक तिरका. काय कारागीर! डोळे बांधून शिवलं असतं तरी याहून बरं झालं असतं. पहिल्या दिवशी बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. जेवलो नाही.

आता तुम्ही शिकलेले आहात, मला एक सांगा. टक्स घ्यायचे तर काय करावं लागतं? झगा अंगात घालून बाईला उभं करावं लागतं. समोर उभं राहावं लागतं, असं, मी तुमच्यासमोर उभा आहे तसं. दोन्ही हातांनी कमरेपाशी कापड धरावं लागतं, चिमटीत, टाचण्या लावाव्या लागतात, श्वास सोडा म्हणावं लागतं, परत धरा म्हणावं लागतं. पाच मिनिटं लागतात. पाच! कुणाचे हात होते ते? त्या मखमलीचे नाहीत, त्याला सुईत दोरा ओवता येत नसणार. पण त्यांच्याबरोबर एक कपडेपटवाला असतो. इस्त्री करणारा, बटणं लावणारा. शेवटी सगळ्यांना मंचावर बोलावतात ना नमस्काराला, तेव्हा हाही येतो. उंच आहे. केस मागे वळवलेले. आणि गळ्यात टेप. टेप गळ्यात घालून मंचावर येतो हो माणूस! कशाला? जगाला दाखवायला? आणि सगळे टाळ्या वाजवतात, पण सगळ्यात जोरात कोण वाजवतं — मी पुढे नेऊन दाखवतो तुम्हाला, नको? बरं — आमची ही. हात वर करून. मी चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून बसलोय, माझ्यासाठी नाही कधी कुणी वाजवली.

आणि खरं दुखणं ते नाहीच. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर विचारलं होतं तिला, झगा कसा बसला? काय म्हणाली माहीत आहे? छान बसला. एवढंच नाही, वर म्हणाली, अगदी अंगासरसा बसला, तुमचं काम कधी चुकलंय का. आता बोला! छान बसला होता तर टक्स कशाला? आणि टक्स घेतले तर मला सांगायला काय झालं? ज्या अर्थी लपवलं त्या अर्थी कुठेतरी पाणी मुरतंय. मी काही बोललो नाही फोनवर, ताकास तूर लागू दिली नाही, नुसतं हूं-हूं करत राहिलो. पण आज येऊ दे. आज सोक्षमोक्ष. ठरवलंय मी. बॅग खाली ठेवायच्या आत सांगणार — पुरे झालं. दौरे बंद, तालमी बंद, गाणं बंद. तिची गाण्याची वही मी कपाटावर टाकून ठेवलीय, मागे, हात पोचणार नाही अशी. तुम्ही थांबा ना जरा तोवर. चार वाजायला असा कितीसा वेळ राहिलाय? कुणी परकं माणूस असलं की ती रडत नाही, आणि मीही ओरडत नाही. साक्षीला थांबा.

अहो, त्या ढिगाला कोपर लावू नका, पडेल. घरचे कपडे आहेत, सावकाशीनं करायचे. तो वरचा स्कर्ट तिचाच. ते बघा, ते बघा, त्यावरूनही एकदा झालं होतं आमचं. कमरेला सेफ्टी पिन लावून हिंडत होती घरभर! मी म्हटलं, शिंप्याच्या घरात सेफ्टी पिन? गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल, स्वतःच्या बायकोला नीट शिवून देत नाही? तर म्हणाली, मग द्या ना शिवून. म्हटलं ठेव तिथे. ठेवला. आता गिऱ्हाइकाचं काम आधी की घरचं आधी? तुम्ही कोट टाकलात त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे तो तिथे. मागून कधी घेतला नाही तिनं. ही तऱ्हा.

काय म्हणालात?

बारीक झाल्यात? कोण? वहिनी? तुम्ही कशाला बघता हो वहिनी बारीक आहेत की जाड? तुम्ही दोन वर्षांपूर्वी एकदा बघितलंत तिला, दहा मिनिटं, तेही माझ्या तोंडात हात घालून, आणि तुम्ही मला सांगणार? मी रोज बघतो तिला! टीव्हीत दिसतात माणसं बारीक. नाही? टीव्हीत जाड दिसतात? मग — मग निळा रंग आहे, निळ्यात दिसतं. दौऱ्याची दगदग असते. रोज नवीन गाव, खाण्यापिण्याचे हाल, माणूस वाळतोच. आता तीन महिन्यांत —

तीन महिने कुठले. चौथा दिवस होता तो. चौथ्या दिवशीचं आहे हे, मीच तुम्हाला सांगितलं.

थांबा. असेच उभे राहा. वही कुठेय — हं. तुमचं पान, त्या तिघींची पानं… तिचं पुढे आहे, जुन्यात. हे. कंबर बत्तीस. तारीख — या घरात राहायला आलो त्या वर्षीची. नऊ वर्षं झाली. नाही, नऊ वर्षं याच मापावर शिवतोय मी तिचं, कधी तक्रार नाही. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी आलं तरी मी नव्यानं माप घेतो, माझा नियमच आहे, माणूस सारखा बदलतो म्हणतो मी, मागच्या मापावर कात्री चालवू नये म्हणतो — सगळ्यांना सांगतो. तुम्हालाही सांगितलं, हो ना, पहिल्याच दिवशी. आणि तिला… घरचंच माप म्हटलं. समोरच तर असते म्हटलं.

द्या, तो स्कर्ट द्या इकडे. वरचा. पिन अजून तशीच आहे, बघा. गंजली. पिनेपासून या टोकापर्यंत — अठ्ठावीस. चार इंच, डॉक्टर. हा स्कर्ट घरात वावरताना घालायची ती. म्हणजे दौऱ्यावर नाही झालं हे, इथे झालंय. माझ्यासमोर झालंय. रोज माझ्यासमोर बसून जेवत होती आणि माझ्यासमोर बारीक होत होती, आणि मी म्हटलं लोक काय म्हणतील. अर्धं ताटात ठेवून उठायची, मी म्हणायचो तालमीला उशीर होतोय म्हणून उठली. डॉक्टर, असं चार इंच माणूस उगाच नाही ना उतरत? तुम्ही दातांचे, कळतंय मला, पण डॉक्टरच ना तुम्ही, काहीतरी असतं ना शिकवलेलं? आजारी असेल का ती? काय बघायचं असतं? रक्त तपासायचं असतं? तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, चांगलं, बायकांना नीट विचारणारं?

मग मला सांगितलं का नाही तिनं? सांगितलं की. द्या ना शिवून, म्हणाली. अजून कसं सांगायचं असतं माणसानं?

आणि हे. हे बघा, हे टक्स. उजवा खाली, डावा वर. थांबा, जरा आरसा सोडा मला. हे असं — समजा माझ्याच अंगात झगा आहे, आणि समोर कुणी नाही. आरशात बघायचं, दोन्ही हातांनी स्वतःच धरायचं, आणि टाचणी लावायला उजवा हात सोडला की — बघा, सुटलं, घसरलं खाली. बोटभरच. असंच होतं. दुसऱ्यानं घातलेला चिमटा असा वाकडा जातच नाही, डॉक्टर, कितीही अडाणी असला तरी. हा स्वतःच्या अंगावर स्वतः घातलेला आहे. चाळीस वर्षं काम करतोय मी आणि चौदा वेळा बघितलं हे. चौदा वेळा त्या टेपवाल्याला शिव्या घातल्या. कुणी हात लावला नाही तिला. कुणीच लावला नाही. बाहेर हजारो माणसं बसलीत, त्या तिघी नुसता झगा चढवून तयार, आणि ही कुठल्यातरी कोपऱ्यात आरशापुढे श्वास धरून उभी, दातात दोरा. तो टेपवाला तिथेच कुठेतरी असणार, म्हटली असती तर दोन मिनिटांत करून दिलं असतं त्यानं. नाही म्हटली. नवऱ्याचं काम चुकलं हे दुसऱ्या शिंप्याला दिसू नये म्हणून. आणि मग जाऊन उभी राहिली, आणि गायली, आणि एवढी हसली. आणि मला फोनवर म्हणाली, छान बसला.

पायरीवर काही वाजलं का? चाकं आहेत ती, बॅगेची. जिना चढतेय. पावणेचारच झालेत, लवकर आली. टीव्ही — तो रिमोट कुठे गेला, बंद करा तो, नको, राहू द्या, नको, बंदच करा. तुम्ही निघा आता. साक्षीला कशाला, उगाच काय थांबायचं. कोट काढा — ओढू नका! अरे देवा, कोट मी तुमच्या शर्टालाच टाचलाय. थांबा, सोडवतो. आणि ही डावी बाही, ही काय केली मी? दीड इंच आखूड धरली. हे काम माझं नाही असं म्हणावंसं वाटतंय, पण माझंच आहे. परवा या, परत नव्यानं माप घेतो. नाही, परवा नको, मी कळवतो तुम्हाला, आधी मला दुसरं एक माप घ्यायचंय. टेप कुठे ठेवली मी? तिची ती गाण्याची वही तेवढी काढून द्या कपाटावरची, तुम्ही उंच आहात. मागे आहे, हात घाला. हं. द्या. टेप — गळ्यातच आहे होय. बरं.

आणि हे बघा डॉक्टर, जिन्यात भेटेल ती तुम्हाला. गिऱ्हाईक दिसलं की विचारतेच, सवय आहे तिला, कसा बसला कोट म्हणून. छान बसला म्हणू नका. माझ्याकडे बघा, खरंच सांगतो, तेवढं म्हणू नका. सांगा, बाही आखूड केली त्यांनी. सांगा, चुकले ते. जा. दार लावू नका, ती येतेय.